गोल कमान, जाड भिंत आणि माझ्या चुका

वास्तुकलेच्या महाविद्यालयात इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आधी भारतीय मंदिरे, मग इस्लामी वास्तू, मग युरोप असा क्रम असे. युरोपात ग्रीक आणि रोमन झाले की मला गॉथिककडे जायची घाई व्हायची. मधला इ. स. १००० ते १२०० हा साधारण दोनशे वर्षांचा रोमानेस्क काळ मी एका तासिकेत उरकत असे. फळ्यावर पाच ओळी लिहायच्या : अर्धवर्तुळाकार कमान, जाड भिंती, लहान खिडक्या, पिंपाच्या आकाराचे दगडी छत, आत अंधार. मुले त्या उतरवून घेत, परीक्षेत तशाच लिहून देत आणि मी पूर्ण गुण देत असे. त्यांतली एकही ओळ धादांत खोटी नव्हती. तरीही त्या ओळींच्या भरवशावर मी वर्षानुवर्षे चुकीचे शिकवत राहिले आणि एका विद्यार्थिनीवर तर उघड अन्याय केला. निवृत्त झाल्यावर हे लिहायला बसले आहे, कारण तसलीच टिपणे अजून वर्गावर्गांतून फिरताना मला दिसतात.

अन्यायाची गोष्ट आधी सांगते. प्रश्न नेहमीचा होता, रोमानेस्क आणि गॉथिक शैलींतला फरक. अपेक्षित उत्तर ठरलेले : गोल कमान म्हणजे रोमानेस्क, टोकदार कमान आणि फासळ्यांचे छत म्हणजे गॉथिक. एका मुलीने लिहिले की फासळ्यांचे छत आणि टोकदार कमान या दोन्ही गोष्टी इंग्लंडमधल्या डरॅमच्या कॅथेड्रलात आहेत आणि ते कॅथेड्रल रोमानेस्कच आहे. शेजारी तिने छताच्या एका खणाची छोटी आकृतीही काढली होती. मी लाल शाईने त्यावर काट मारली, समासात ‘गोंधळ’ असा शेरा दिला आणि निम्मे गुण कापले. ती विचारायला आली तेव्हा म्हणाले, “अगं, टोकदार कमान दिसली की गॉथिक म्हणायचं. एवढं लक्षात ठेव.” तिने वाद घातला नाही. आपल्याकडे मुले शिक्षकांशी वाद घालत नाहीत आणि मी ते माझ्या बरोबर असण्याचे लक्षण समजत आले.

डरॅमला मी पुढे फार उशिरा गेले. वेअर नदीच्या वळणावर, उंच कड्याच्या माथ्यावर हे कॅथेड्रल उभे आहे. संत कथबर्टचे अवशेष तिथे ९९५ साली आणले गेले होते. आजच्या इमारतीचा पाया १०९३ मध्ये बिशप विल्यम ऑफ सेंट कॅले याने घातला. मध्यदालनाचे छत ११३३ च्या सुमारास पुरे झाले. आत शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतात ते खांब. एक खांब अनेक बारीक स्तंभांच्या जुडग्याचा, पुढचा साधा गोल, पुन्हा जुडगा, अशी त्यांची आलटून-पालटून रांग आहे. गोल खांबांचा घेर सुमारे साडेसहा मीटर आणि उंचीही जवळपास तेवढीच. त्यांच्या अंगावर खोल खोबणी कोरल्या आहेत. एकावर नागमोडी पट्टे, एकावर शंकरपाळ्यांसारखे चौकोन, एकावर वरपर्यंत चढत गेलेली पिळाची रेघ. मी जवळ जाऊन सांधे पाहिले. खोबण एका दगडावरून दुसऱ्यावर जाते आणि सांध्यापाशी तसूभरही चुकत नाही. हे दगड खांबात बसवण्याआधी खालीच कोरलेले होते. म्हणजे पाथरवटांना प्रत्येक दगडाचे माप आणि त्यावरच्या रेघेचा कोन आधीच ठरवून दिलेला होता. ‘जाड, ओबडधोबड, वजनदार’ अशी विशेषणे मी याच बांधकामाला वर्गात लावत होते.

मग वर पाहिले. प्रत्येक खणात दोन फासळ्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरप्या जातात आणि मध्यदालन ओलांडणाऱ्या आडव्या कमानी स्पष्टपणे टोकदार आहेत. त्या मुलीची आकृती मला तिथे उभ्या उभ्या आठवली. गॉथिकची सुरुवात आपण ज्या पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या चर्चपासून धरतो, त्याचा पूर्वेकडचा भाग मठाधिपती स्युजेने बांधला ११४० ते ११४४ या काळात. डरॅमचे छत त्याआधीचे आहे.

डरॅमची आडवी कमान टोकदार का केली, हे समजून घ्यायला मला परत येऊन कागद-कंपास घेऊन बसावे लागले. अर्धवर्तुळाची उंची नेहमी त्याच्या रुंदीच्या निम्मी असते, त्यात बदल करता येत नाही. छताच्या एका चौकोनी किंवा आयताकृती खणात कर्ण सर्वांत लांब. कर्णावरची कमान अर्धवर्तुळाकार केली की ती आपोआप सर्वांत उंच जाते आणि बाजूच्या आखूड कमानी खाली राहतात. छत मधे फुगते. आडवी कमान टोकदार केली तर तिची उंची हवी तेवढी वाढवता येते आणि सगळे माथे एका पातळीत आणता येतात. डरॅमच्या गवंड्यांना हा प्रश्न रोमानेस्क इमारत बांधतानाच पडला आणि त्यांनी तो तिथेच सोडवला. टोकदार कमान म्हणजे एखाद्या शैलीचा शिक्का, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती भूमितीतल्या एका अडचणीवरची तोड होती. कैरोमध्ये ती आधीपासून वापरात होती आणि फ्रान्समध्ये क्लूनीच्या तिसऱ्या चर्चमध्ये, ज्याचे काम १०८८ मध्ये सुरू झाले, तिथेही ती आहे. क्लूनीचे ते चर्च १८७ मीटर लांब होते. रोममध्ये नवे सेंट पीटर्स होईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठे चर्च नव्हते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले, दगडांसाठी पाडले गेले आणि आज त्याचा आडव्या बाहूचा तुकडा तेवढा उभा आहे.

त्या मुलीचा पत्ता शोधून मी तिला पत्र पाठवले. गुणपत्रिका बदलत नाहीत, पण चूक माझी होती हे लेखी कळवणे गरजेचे होते. तिचे उत्तर दोन ओळींचे आले : “मॅडम, ती आकृती मी ग्रंथालयातल्या पुस्तकातून काढली होती. ते पुस्तक तुम्हीच आम्हाला वाचायला सांगितलं होतं.” मी यादीत लिहिलेले पुस्तक मुलांनी वाचले होते. मी त्यातले ते प्रकरण वाचायच्या ऐवजी जुन्या टिपणांवर विसंबले होते.

दुसरी चूक कार्ल्याची. दरवर्षी मुलांना घेऊन आम्ही कार्ल्याला जात असू. पायऱ्या चढून, एकवीरा देवीच्या देवळाशेजारून चैत्यगृहात शिरायचे आणि मी ठरलेले वाक्य म्हणायचे : हे मध्यदालन, या दोन बाजूंच्या खांबांच्या रांगा, ही पार्श्वदालने, टोकाला अर्धवर्तुळ, स्तूपाभोवती फिरायची वाट आणि वर पिंपाकार छत. हेच सगळे हजार वर्षांनी युरोपातल्या रोमानेस्क चर्चमध्ये दिसते. तुलना कानाला गोड लागते आणि तिचा नकाशापुरता भाग खराही आहे. स्पेनमधल्या कोम्पोस्तेलाच्या यात्रेच्या वाटेवरच्या तुलूझ किंवा काँक इथल्या चर्चमध्येही भाविकांच्या रांगेसाठी गाभ्यामागून फिरणारी वाट काढलेली असते, तिला लागून छोटी देवघरे असतात, म्हणजे पूजा चालू असताना यात्रेकरू अवशेषांचे दर्शन घेऊन पुढे सरकू शकतात. पण एका वर्षी मागच्या रांगेतल्या मुलाने विचारले, “मॅडम, या छताचा रेटा कुठे जातो?”

मी म्हणाले, खांबांवर. आणि पुढे गेले.

हे उत्तर साफ चुकीचे होते. कार्ल्याचे चैत्यगृह डोंगर कोरून पोकळ केलेले आहे. छत हा डोंगराचाच भाग. त्याला खाली पडायचे नसते आणि बाजूला ढकलायचे नसते. खांब काढून टाकले तरी ते छत राहील. घारापुरीला खांब तुटून पडले होते आणि वरचे छत जागच्या जागी राहिले, हे पाहायला मुंबईच्या मुलांना लांब जावे लागत नाही. कार्ल्याच्या छताला लावलेल्या लाकडी फासळ्याही काही तोलत नाहीत. आधीच्या लाकडी इमारतींची आठवण म्हणून त्या बसवल्या आहेत.

रोमानेस्क चर्चमधले पिंपाकार छत हा अगदी वेगळा प्रकार आहे. खाली लाकडाचे सेंटरिंग उभारायचे, त्यावर पाचरीसारखे घडवलेले दगड दोन्ही बाजूंनी रचत आणायचे, मधला बसला की चुना घट्ट होईपर्यंत थांबायचे आणि सेंटरिंग काढायचे. त्या क्षणापासून प्रत्येक दगड शेजारच्याला ढकलू लागतो आणि हा रेटा शेवटी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर येतो. गुळगुळीत फरशीवर पाय फाकून उभे राहिले की पाय जसे बाहेर सरकू पाहतात, तशा त्या भिंती बाहेर सरकू पाहतात. पिंपाकार छत सलग असते म्हणून रेटाही सलग असतो, भिंतीच्या संपूर्ण लांबीवर. म्हणून भिंत सगळीकडे जाड लागते. बाहेरून-आतून घडीव दगडाचे दोन थर आणि मधे दगडगोटे-चुन्याचा भराव अशी ती बांधतात. तिला मोठे भोक पाडले की ती तिथे दुबळी होते म्हणून खिडकी लहान. फळ्यावरच्या माझ्या पाच ओळी खरे तर पाच नव्हत्याच. गोल कमान, जाड भिंत, लहान खिडकी ही एकाच रेट्याची तीन रूपे होती. मी ती सुटी सुटी घोकून घेत होते आणि ज्या जागी रेट्याचा प्रश्नच नाही, त्या कार्ल्यात नेऊन ‘हेच ते’ म्हणून दाखवत होते. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने बरोबर मर्मावर बोट ठेवले होते.

रेट्याला उत्तरे किती प्रकारची मिळाली, हा तर या दोनशे वर्षांतला सर्वांत रसाळ भाग आणि तो मी पूर्ण गाळत असे. दोन पिंपाकार छते काटकोनात एकमेकांतून काढली की रेटा चार कोपऱ्यांत गोळा होतो. त्याला ग्रोइन व्हॉल्ट म्हणतात. मग मधल्या भिंतीवर भार कमी येतो, तिथे खिडकी मोठी करता येते. बर्गंडीतल्या वेझलेच्या चर्चमध्ये ११२० च्या आगीनंतर बांधलेल्या मध्यदालनाला असे छत आहे. आडव्या कमानींत फिकट आणि गडद दगड आलटून-पालटून बसवले आहेत आणि सगळे दालन उजळ आहे. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी दुपारी वरच्या खिडक्यांतून येणारे उन्हाचे कवडसे फरशीच्या मधोमध एका ओळीत पडतात. ‘रोमानेस्क म्हणजे अंधार’ असे शिकवणाऱ्या बाईने वेझलेचे फोटो कधी नीट पाहिलेच नव्हते.

बर्गंडीतल्याच तूर्न्यूचे सँ-फिलिबेर चर्च मला त्याहूनही आवडते. तिथे गवंड्यांनी मध्यदालनावर एक लांब पिंप घातले नाही. प्रत्येक खणावर एक आखूड पिंप, तेही आडवे घातले. म्हणजे शेजारशेजारची पिंपे एकमेकांना रेटतात, एकाचा धक्का दुसरे झेलते आणि बाजूच्या भिंतींवर जवळजवळ काही येत नाही. तिथे मग बिनधास्त खिडक्या उघडल्या आहेत. खाली लहान लहान गुलाबी दगडांचे उंच गोल खांब आणि वर ही पिंपांची रांग. ही युक्ती पुढे फारशी कुणी उचलली नाही, म्हणून ती इतिहासाच्या ‘प्रगती’च्या रेषेत बसत नाही आणि म्हणूनच माझ्या टिपणांतही नव्हती. ज्याचा पुढे वंश चालला तेवढेच शिकवायचे, ही सवय मला कुठून लागली कुणास ठाऊक. पण ती चांगली सवय नव्हे.

श्पायरची चूक जाहीर होती. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या या कॅथेड्रलावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. सोबत पश्चिमेकडच्या दर्शनी भागाचा मोठा फोटो दिला. पिवळ्या-लाल दगडांचे आडवे पट्टे, तीन दारे, वर गोल खिडकी. खाली ओळ लिहिली, ‘अकराव्या शतकातील सम्राटांच्या सत्तेची साक्ष’. अंक निघाल्यावर जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाचे पत्र आले. सभ्य भाषेत त्यांनी कळवले होते की फोटोतला भाग हाइनरिख ह्युब्श या वास्तुविशारदाने १८५४ ते १८५८ मध्ये बांधलेला आहे. म्हणजे आपल्याकडे मुंबई-ठाणे रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, तेव्हाचा.

मी त्यांचे आभार मानले. पण संपादकांना दुरुस्ती छापायला सांगितले नाही. वार्षिक अंक, पुढच्या वर्षी कोण लक्षात ठेवणार, असा विचार केला. तो लेख नंतर एका संग्रहातही गेला, फोटोसह, तसाच.

श्पायरची खरी हकीकत त्या फोटोओळीपेक्षा कितीतरी भारी आहे. सम्राट दुसऱ्या कॉन्राडने १०३० च्या सुमारास काम सुरू केले. तळघर १०४१ मध्ये वापरात आले आणि १०६१ मध्ये मुख्य इमारतीचा अभिषेक झाला. तेव्हा मध्यदालनावर सपाट लाकडी छत होते. वीसेक वर्षांतच चौथ्या हेन्रीने ते बदलायला घेतले. एकाआड एक खांबाला पुढून जाड जोड दिला आणि त्या जोडांवर सुमारे ३३ मीटर उंचीपर्यंत ग्रोइन व्हॉल्ट चढवले. उभ्या इमारतीत चौदा मीटर रुंदीवर दगडी छत घालायचे, ही त्या काळात केवढी हिंमत! १६८९ च्या युद्धात फ्रेंच सैन्याने शहर आणि कॅथेड्रल जाळले, मध्यदालनाचा पश्चिमेकडचा भाग कोसळला. १७७२ ते १७७८ मध्ये तो जुन्याच रीतीने पुन्हा बांधला. एकोणिसाव्या शतकात बव्हेरियाच्या राजाच्या हुकमाने आतल्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या. विसाव्या शतकात त्यांतली बहुतेक चित्रे काढून दगड उघडा केला. आज आपण तिथे उभे राहून जी ‘मध्ययुगीन साधेपणाची’ अनुभूती घेतो, ती बऱ्याच अंशी १९५७ नंतरच्या जीर्णोद्धाराची देणगी आहे.

इथेच माझ्या आणखी एका समजुतीचा पाया हलला. रोमानेस्क चर्च आतून उघड्या दगडाचे, रंगहीन, संन्यस्त असते, असे मी मनापासून मानत होते आणि मुलांना तसे सांगताना माझा आवाजही जरा हळवा होत असे. मूळ इमारतींना बहुधा गिलावा होता आणि त्यावर रंग होता. फ्रान्समधल्या सँ-साव्हँच्या चर्चचे पिंपाकार छत ११०० च्या सुमारास संपूर्ण रंगवलेले आहे. सुमारे १७ मीटर उंचीवर नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, इजिप्तमधून सुटका अशी सगळी बायबलकथा ओळीने मांडली आहे. तिथे छताला आडव्या कमानींच्या पट्ट्या जवळजवळ नाहीत, त्यामुळे चित्रकाराला सलग पृष्ठभाग मिळाला. चित्रांचा आणि बांधणीचा असा संबंध असतो, हे मी वर्गात कधी बोलले नाही, कारण रंग माझ्या यादीतच नव्हता.

फ्रान्समधल्याच ओतंच्या सँ-लाझार चर्चमधल्या शिल्पांबाबत मी जे बोलले ते आठवले की आजही वाईट वाटते. दारावरच्या अर्धवर्तुळाकार फलकावर अखेरच्या निवाड्याचे शिल्प आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. मधे प्रचंड ख्रिस्त, एका बाजूला आत्म्यांची तुला आणि खालच्या पट्टीत थडग्यांतून उठणारी माणसे. त्या पट्टीत दोन यात्रेकरू आहेत, एकाच्या झोळीवर क्रूस आणि दुसऱ्याच्या झोळीवर कोम्पोस्तेलाचा शिंपला. थोडे पुढे वरून दोन राक्षसी पंजे येतात आणि एका माणसाचे डोके आवळून त्याला उचलतात. त्या माणसाचे तोंड उघडे आहे. सगळी शरीरे ताणलेली, लांबट, हातपाय काटकुळे. मी वर्गात सांगत असे की त्या काळच्या शिल्पकारांना शरीररचनेचे ज्ञान नव्हते, ते पुढे प्रबोधनकाळात आले.

१७६६ साली त्याच चर्चच्या धर्मगुरूंचे मत हुबेहूब हेच होते. शिल्प गावंढळ वाटले म्हणून त्यांनी ते गिलाव्याखाली गाडले. ख्रिस्ताचे डोके पुढे येत होते, ते छाटले. १८३७ मध्ये गिलावा काढला गेला आणि डोके १९४८ मध्ये पुन्हा जागेवर बसले. गिलाव्याखाली असल्यामुळे ते शिल्प राज्यक्रांतीच्या तोडफोडीतून वाचले, हे नशीब. ख्रिस्ताच्या पायाशी लॅटिनमध्ये ‘हे गिस्लेबेर्तुसने केले’ असा लेख आहे. ती शिल्पकाराची सही, असे मी ठामपणे सांगत असे. ते नाव शिल्पकाराचे नसून आश्रयदात्याचे असावे, असाही अभ्यासकांचा एक पक्ष आहे. ते मी एकदाही सांगितले नाही. वर्गात नाव सांगता आले की गोष्ट रंगते, म्हणून.

या सगळ्या चुकांचे मूळ एकच होते असे मला आता दिसते. मी रोमानेस्क शैली तिच्यात काय नाही यावरून शिकवत होते. उंची नाही, उजेड नाही, रंग नाही, शरीराचे ज्ञान नाही, टोकदार कमान अजून सुचलेली नाही. जणू दोनशे वर्षे युरोपातले गवंडी गॉथिक येण्याची वाट बघत बसले होते. ‘रोमानेस्क’ हे नावही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडलेले. श्पायरच्या किंवा डरॅमच्या गवंड्यांना आपण कुठल्या शैलीच्या मधल्या पायरीवर आहोत याची खबर नव्हती. त्यांच्यापुढे आग लागणारे लाकडी छत होते, वाढती यात्रेकरूंची गर्दी होती, संतांचे अवशेष होते, शेकडो मठवासींचे एका सुरातले गायन होते, आणि हे सगळे दगडाखाली घ्यायचे होते.

आणि ही खोड फक्त युरोपपुरती नव्हती. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. श्पायरचा पहिला अभिषेक त्याच्या पुढच्याच वर्षीचा. या योगायोगाची मुलांना गंमत वाटायची. मग मी सांगत असे, तिकडे कमान होती, आपल्याकडे कमानीचे तंत्र अवगत नव्हते. हेही चूक. कानपूरजवळच्या भीतरगावच्या गुप्तकालीन विटांच्या देवळात खरी कमान आहे. अंबरनाथच्या कारागिरांनी दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत मंडपाचे छत वर मिटवले. त्यात भार बहुतांशी सरळ खाली उतरतो, बाहेर रेटा फारसा येत नाही. खांब सडपातळ ठेवता येतात, पण दोन खांबांमधले अंतर वाढवता येत नाही. श्पायरला हजारोंची मिरवणूक एका छपराखालून जायची होती, अंबरनाथला भक्त एकेकटा गाभाऱ्यापर्यंत खाली उतरायचा होता. दोन्हीकडचे कारागीर आपापल्या कामात तरबेज होते. मी मात्र एका हाताने युरोपच्या अकराव्या शतकाला कमी लेखले आणि दुसऱ्या हाताने आपल्या.

जे अजून शिकवत आहेत त्यांना एवढेच सांगेन. वैशिष्ट्यांची यादी देण्याआधी मुलांकडून एका चर्चचा उभा छेद काढून घ्या आणि छताचा रेटा कुठून कुठे जातो ते त्यावर बाणांनी दाखवायला लावा. ज्याला ते जमले, त्याला गोल आणि टोकदारचा घोळ राहत नाही. फोटो दाखवाल तेव्हा इमारतीचे साल पुरत नाही, फोटोतला भाग कधीचा आहे ते लिहा. आणि उत्तरपत्रिकेत काही अनपेक्षित दिसले तर शेरा मारण्याआधी पुस्तक उघडा.

प्रवासाला जाणाऱ्यांसाठीही एक विनंती आहे. पिसाचा कलता मनोरा मराठी माणसाच्या अल्बममध्ये हमखास असतो. ११७३ मध्ये सुरू झालेला तो रोमानेस्क घंटाघराचा मनोरा आहे आणि शेजारचे कॅथेड्रल त्याहून शंभरेक वर्षांनी जुने, त्याच शैलीतले. फोटो काढून झाला की आतही जा. बार्सिलोनाला गेलात तर गौडीच्या इमारतींसोबत माँटजुइक टेकडीवरच्या कातालान कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. पिरेनीजमधल्या ताऊल गावातल्या सँत क्लिमेंत चर्चचा ११२३ मध्ये अभिषेक झाला. त्या चर्चला दगडी छत नाही, लाकडी आहे, तरी ते अस्सल रोमानेस्क आहे. त्याच्या गाभ्यातला ख्रिस्त आता या संग्रहालयात आहे. शेजारच्या भागातली अशीच चित्रे विकली जाऊन बोस्टनला गेली, तेव्हा १९१९ पासून कातालान लोकांनी उरलेली चित्रे कापड आणि सरस लावून भिंतींवरून सोलून काढली, गुंडाळून खाली आणली आणि मूळ आकाराच्या वक्र पृष्ठभागांवर पुन्हा बसवली. ख्रिस्तामागचा निळा रंग त्याच पर्वतात मिळणाऱ्या एरिनाइट या खनिजाचा आहे. डोळे मोठे, रेषा जाड, रंग आजही उठून दिसणारे. रोमानेस्क पाहायला सुरुवात तिथून करा.